गेरूचा चौकोन

कुडाला शेणाचा शेवटचा हात फिरवून झाला, त्यावर गेरू चढला, तशी जत्रीकाकीने बादलीत हात धुतले, पदराला पुसले आणि ती दालनाबाहेरच्या पायरीवर जाऊन बसली. तांदळाच्या पिठाचा वाडगा आत तसाच राहिला, बांबूची काडी त्यावर आडवी ठेवलेली.

"चहाला गेली असेल," देवराम म्हणाला.

चहाचा थर्मास आतच होता, देवरामच्या पायाशी. देवरामला एखादी गोष्ट स्वतःहून दिसेपर्यंत थांबावं लागतं. आधी दाखवली तर त्याला ती दिसतच नाही.

दालन मुंबईतलं, आणि उद्घाटन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. 'बारा हात' या आमच्या मंडळाचं ते पहिलं मोठं प्रदर्शन. सहा चित्रकार म्हणून बारा हात. नाव देवरामने काढलेलं. सगळे वारली, डहाणू-तलासरीकडच्या पाड्यांवरचे. मी मंजुळा त्यांच्यात सातवी. मी चित्रं काढत नाही, त्यामुळे माझे हात त्यात धरलेले नाहीत. तेव्हा मी डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात हिशेब लिहायचे आणि मंडळाचे कागद सांभाळायचे. हिशेब लिहिणाऱ्याला एक खोड लागते. समोरचा काय बोलतोय ते नंतर ऐकू येतं. तो काय ठेवून जाणार आणि काय घेऊन जाणार, ते आधी दिसतं.

देवराम अध्यक्ष. चित्रकार चांगला, त्यात खोटं काही नाही. त्याने महामार्ग काढला होता, मोबाइलचे मनोरे काढले होते, आणि कारखान्यात ओळीने बसून फुगे तपासणाऱ्या आमच्या बायका अशा काढल्या होत्या की मला प्रत्येकीची पाठ ओळखू आली. पण बैठकीत बसला की त्याची जीभ सैल सुटायची. दालनाचं काम बघणाऱ्या मृणाल कारखानीस यांनी विचारलं, मधल्या जागेसाठी परंपरेतलं काही असेल का, लोकांना समोर बघता येईल असं? देवरामने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "लग्नाचा चौक काढू. कागदावर नाही, खऱ्या कुडावर. जत्रीबाय काढेल." आमंत्रणपत्रिकेवर ते छापूनही आलं.

मग कारवीचा कूड लाकडी चौकटीत बसवून पाड्यावरून टेम्पोत आला. सोबत पाटीभर शेण. दारावरचा रखवालदार शेण आत नेऊ देईना, आणि मृणालताई फोनवर मला हळूच विचारत होत्या, "वास किती दिवस राहतो हो?" मी म्हटलं, "वाळेपर्यंत." टेम्पो रावजीकाकाचा, म्हणजे जत्रीकाकीच्या माणसाचा. पुढच्या सीटवर खिडकीशी बसून आली होती वनशी आजी. आजी धवलेरी. आमच्यात लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी गाणी म्हणते आणि तिच्या गाण्यांनी लग्न लागतं. उद्घाटनाला तिने दोन गाणी म्हणावीत असं ठरलं होतं. दोनाच्या जागी तिसरं म्हणायला लावलं तर बिदागी वाढेल, हे तिने टेम्पोत चढायच्या आधीच मला सांगून ठेवलं होतं.

तर ही आजी दालनातल्या गुबगुबीत खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. तिने देवरामकडे बघितलं.

"ती चहाला नाय गेली."

"मग?"

"ती चौक काढायची नाय. तिचं लग्न कुठं लागलंय?"

देवराम हसला. "आजी, तिची पोरगी लग्नाला आलीये."

"पोरीचं ठरलंय. आईचं नाय लागलं. लागलं असतं तर मीच नसतं का लावलं?"

देवराम दुसऱ्या पाड्यावरचा. त्याने काकीच्या गळ्यात पोत बघितली होती, तीन पोरं बघितली होती, आणि आमंत्रणपत्रिकेत 'सौ. जत्री रावजी घाटाळ' असं स्वतः लिहून दिलं होतं. पण हे असं आमच्यात घरोघर असतं. पोरगा-पोरगी एकमेकांना पसंत पडली की एकत्र राहायला लागतात, कोणी बोट दाखवत नाही. लग्न लावायचं म्हणजे सगळ्या पाड्याला जेवू घालायचं, ताडी पाजायची, देवांचं करायचं. ते जमेल तेव्हा. काकीचं जमत आलं की काहीतरी आडवं यायचं. एकदा रावजीकाकाच्या आईबापाचंच लग्न राहिलं होतं, ते आधी उरकावं लागलं. एकदा घराचं छप्पर गेलं. एकदा टेम्पो आला. एरवी त्याने काही अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी. ज्या बाईचं लग्न लागलेलं नाही ती सवासिन नाही, तिने लग्नाचा चौक, म्हणजे पालघाट देवीला बसवायचा चौकोन, काढायचा नाही. आणि पोरीच्या लग्नात तिने मांडवाच्या आत उभं राहायचं नाही.

काकीची पोरगी चंदना. तिचं लग्न वैशाखात धरलेलं. आईच्या जागी मावशी उभी करायची, देवाला कोंबडा द्यायचा आणि निभावून न्यायचं, असं घरात ठरत आलं होतं. आमच्या सगळ्या पाड्यांत जत्रीकाकीसारखा हात नाही. तिच्या हातची रेघ काडी टेकते तिथून उठते तिथपर्यंत एका श्वासाची असते. आणि तिच्याच पोरीचा चौक दुसऱ्या बायका काढणार, ही बाहेर चुलीपाशी बसणार.

देवराम बाहेर पायरीवर गेला. मीही गेले.

"काकी, तू कागदावर चौक काढलेस की. ढिगाने काढलेस. विकलेस."

"कागद गुंडाळून ठेवता येतो," काकी म्हणाली. रस्त्यावरच्या गाड्या बघत होती. "कूड सारवला, गेरू दिला, तांदूळ भिजवला, आजीला आणून बसवली. आता काढला तर पालघाट येणार. आल्यावर तिला काय सांगू? लग्न कुणाचं म्हणून?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू आधी का नाय विचारलंस?"

"सारवलंस कशाला एवढं?"

"सारवायला कुणाची ना नाय. भिंत बोडकी बरी दिसत नव्हती."

देवराम आत आला. वाडगा उचलून म्हणाला, "मीच काढतो."

"काढ की," आजी खुर्चीतून म्हणाली. "मंजू, ह्याला लुगडं दे गो कुणाचं तरी."

देवरामने वाडगा खाली ठेवला.

मृणालताईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. बाई चांगल्या होत्या. चिडल्या नाहीत, घड्याळ बघितलं नाही. खाली बसून सगळं ऐकलं, दोन प्रश्न नेमके विचारले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला वाटलं, आता या काहीतरी देणार.

"मग लग्नच लावू या," त्या म्हणाल्या. "इथे. उद्या. आजी आहेतच. चौक काढायला तुमच्या गावच्या दोन बायका गाडी पाठवून आणू. जत्रीताई, रावजीभाऊ, कपडे, हार, सगळं आमच्याकडून. त्या म्हणतायत ना, लग्नाशिवाय चौक नाही? तर लग्नच होईल. किती सुंदर होईल ते."

माणसं एकेक करून कशी राजी होतात ते बघण्यासारखं असतं. देवरामची पत्रिका खरी ठरत होती. रावजीकाकाच्या डोक्यावरचं इतक्या वर्षांचं ओझं एका संध्याकाळात, तेही वाऱ्याच्या यंत्राखाली बसून उतरत होतं. आजीची दोन गाण्यांची बिदागी अख्ख्या लग्नाची होत होती. मृणालताईंना असं उद्घाटन मिळत होतं की शहरात महिनाभर बोलणं झालं असतं. मलाही वाटलं, वाईट काय आहे? काकी वैशाखात पोरीच्या मांडवात उभी राहील. चौक स्वतः काढेल. सगळ्यांचं जमत होतं.

"हो म्हण," रावजीकाका पायरीवर बसून तिला सांगत होता. "फुकटात लागतंय."

"कुणाचं?"

"आपलं, दुसऱ्या कुणाचं?"

काकीने त्यावर मान वळवून मृणालताईंना विचारलं, "आमच्यातले किती येतील?"

मृणालताईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "जागा तशी लहान आहे. निमंत्रणं गेलीयेत आधीच. पण घरचे दहा-बारा लोक नक्की बसवू."

"आणि जेवण?"

"जेवण म्हणजे… उद्घाटनाला आपण छोटं काहीतरी ठेवतो. उभ्यानेच खातात लोक. सरबत असतं."

"बरं," काकी म्हणाली.

त्या 'बरं'चा अर्थ रावजीकाकाने होकार असा घेतला. मृणालताईंनीही तोच घेतला, आणि त्या फोन करायला वळल्या. काकी उठली, आत गेली, वाडगा उचलला, पीठ बोटाने ढवळून बघितलं, थोडं पाणी घातलं. काडीचं टोक दातांत धरून चावलं. मग कुडासमोर उभी राहून तिने मधोमध हाताने हवेतच एक चौकोन दाखवला, दाराएवढा.

"इथं कोणी हात लावायचा नाय," ती मला म्हणाली. "बाकीचं मी भरते. बाईंना सांग, लग्न इथं नाय. गाडी पाठवू नका."

"काकी, वैशाखात मग…"

"वैशाख लांब हाय. तू वाडगा धर."

बाहेर मृणालताईंचा फोन लागला होता. मी जाऊन सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. पण बाई खरंच चांगल्या, एवढंच म्हणाल्या, "त्यांना वाईट वाटलं का माझ्या बोलण्याचं?"

"नाही हो," मी म्हटलं. "वाईट वाटलं असतं तर घरी गेली असती. काढत बसलीये."

रावजीकाकाला मात्र वाईट वाटलं. तो टेम्पोत जाऊन झोपला.

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काकी काढत होती. चौकोनाच्या चारी बाजूंनी वाटा काढल्या, डोंगरावरून, नदीच्या कडेने, ताडांच्या मधून. त्या वाटांवर माणसं. आमच्या चित्रांतली माणसं म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावलेले, वर डोक्याचा ठिपका. लोकांना वाटतं सगळी सारखीच. वाटांवरची ही सगळी माणसं चौकोनाकडे चालली होती, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर, खांद्यावर किंवा हातात काही ना काही होतं. टोपल्या, मडकी, भारे, कोंबड्या, दोरीने ओढलेला बकरा, फुंकून वाजवायचा तारपा पाठीवर घेतलेला एक जण. मधल्या चौकोनात काहीच नाही. नुसता गेरू.

आजी खुर्चीतून बघत होती. मध्येच हसायची. मी विचारलं, "काय आजी?" तर म्हणाली, "काय नाय. मला पुढं काढलीये ना, ते बघते."

मला वाटलं, म्हातारी आहे, कुठलंही चित्र बघून आपलंच म्हणते.

उद्घाटनाला गर्दी चांगली झाली. बाकीच्या पाच जणांची चित्रं भिंतींवर होती, त्यांच्यापुढेही लोक थांबत होते, पण वळून वळून सगळे कुडापाशी यायचे. दाढीवाल्या एका समीक्षकांनी बराच वेळ बघून घेतलं आणि मग आजूबाजूच्यांना समजावून द्यायला लागले. "आपल्या घरातलं हाताला लागेल ते घेऊन निघालेली माणसं आहेत ही. आणि मधे ती भूमी, जी आता त्यांची राहिलेली नाही. विस्थापन यापेक्षा थोडक्यात कसं सांगणार?" त्या वर्षी आमच्याकडे रेल्वेसाठी जमिनी मोजत होते, त्यामुळे ते सगळ्यांना पटलं. देवरामला तर असं पटलं की त्याने माइकवर तेच आणखी लांबवून सांगितलं. खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याच्या स्वतःच्या चित्रांत ते होतंच. फक्त या चित्रातली माणसं कुठून निघालेली नव्हती, कुठे तरी चालली होती. पायांची टोकं बघितली असती तरी कळलं असतं.

एका गृहस्थांना तो कूड विकत हवा होता, चौकटीसकट. त्यांनी मृणालताईंना सांगितलेला आकडा मृणालताईंनी माझ्या कानात सांगितला. मी काकीला शोधत गेले. ती सरबताच्या टेबलापाशी उभी होती, पेल्याचा तळ बघत.

"विकायचा नाय," ती म्हणाली.

"काकी, ऐक तरी किती म्हणतायत."

"कितीही म्हणूं देत. झालेला नाय अजून."

मी तेच जाऊन सांगितलं. गृहस्थ म्हणाले, "पण तो पूर्ण आहे. ती रिकामी जागा हेच तर चित्र आहे." मी मान डोलावली. हिशेब लिहिणारी बाई होते, तो आकडा तळहातावर बोटाने लिहिला आणि पुसला. त्यांनी मग काकीची कागदावरची चार चित्रं घेतली.

रावजीकाका तेवढ्यात आत आला. आदल्या दिवसापासून तो टेम्पोतच होता, रुसून. आता अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून, हातात सरबताचा पेला धरून तो कुडासमोर जाऊन उभा राहिला. मी त्याच्या शेजारीच होते. मग पेला माझ्या हातात दिला.

"हा काकड्या," तो म्हणाला.

"कोण?"

"हा, बकरा ओढतोय तो. बघ ना, डावा पाय फेकत चालतोय. काकड्या हाय." बोट पुढे सरकलं. "बुधीबाय. तांदळाची टोपली. ती डोकीवर हात नाय लावत टोपलीला. हा माझा भाऊस, ताडीची मडकी. ही आजी, पुढं, हात वर करून."

मी बघत गेले तसे मलाही दिसायला लागले. पाटलाची सून वाकडा अंबाडा घातलेली, हातात कोंबडी. तारपावाला शिडवा, पोट पुढे काढलेला. माझी आई, सरपणाचा भारा घेऊन, आणि तिच्या मागे खाकोटीला कागद मारून निघालेली एक बारीक बाई. तिला मी ओळखलं. अख्खा पाडा होता. एकही घर सुटलं नव्हतं. ज्यांचं आणि काकीचं पाणवठ्यावरून भांडण होतं, तेही होते, दुधाची चरवी घेऊन.

मृणालताई आमच्या मागे येऊन उभ्या होत्या. "आणि ही?" त्यांनी विचारलं.

ओळीच्या अगदी शेवटी, नदीच्या पलीकडून, खांद्याला पिशवी लावलेली एक बाई येत होती. डोक्याच्या ठिपक्याला दोन बारीक गोल काढलेले, चष्म्याचे. हातात घडी केलेलं लुगडं. आमच्या कुणाच्या डोक्याला असे गोल नसतात.

मृणालताईंनी आपला चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

रावजीकाका मात्र अजून शोधत होता. डोंगरावरून नदीपर्यंत, नदीवरून परत डोंगरापर्यंत. काकी शेजारी येऊन उभी राहिली तशी तो म्हणाला, "सगळे हायेत. मी कुठंय?"

"तू कशाला पाहिजेस ह्यात?"

"का?"

"नवरा-नवरी मागनं येतात," काकी म्हणाली. "आधी माणसं येऊं देत."

रावजीकाका तिच्याकडे बघत राहिला. मग माझ्या हातातला पेला घेऊन त्याने सरबत एका घोटात संपवलं. त्याला इतक्या वर्षांत तिने असं कधी सांगितलं नसावं. किंवा सांगितलं असेल, त्याला ऐकू आलं नसेल. पायरीवर जाऊन तो बिडी ओढत बसला. जाता जाता मला म्हणाला, "फुकटात लागत होतं गो. पण आपल्यातलं कोण बघायला नसतं, हे खरं."

प्रदर्शन संपल्यावर कूड टेम्पोतून परत पाड्यावर आला. काकीने तो घराच्या ओसरीवर, सगळ्यांच्या जायच्या-यायच्या वाटेवर उभा करून ठेवला. तो तिथे का ठेवला, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं.

पहिला आला काकड्या. मुंबईत आपण भिंतीवर होतो, लोकांनी आपल्याला पैसे देऊन विकत मागितलं, असं रावजीकाकाने त्याला सांगितलं होतं. काकड्याने आपल्याला ओळखलं, खूश झाला, पाय तसाच काढलाय म्हणून शिव्या दिल्या. मग त्याची नजर दोरीवर गेली.

"हा बकरा कुणाचा?"

"तुझाच," काकी तांदूळ निवडत बसली होती, मान वर न करता म्हणाली. "तुझ्या हातात हाय."

"मी कधी बोललो बकरा देतो?"

"बोललास कुठं. चित्रात हाय. मुंबईच्या लोकांनी पाहिला. त्यांना वाटतं काकड्याने दिला."

काकड्या चित्रासमोर उभा राहून डोकं खाजवत राहिला. "दुसरं काय तरी काढायचं होतं हातात. कोंबडा काढायचा."

"तुझ्या लग्नाला आमचा बकरा होता. विसरलास?"

तो बसला, चहा प्याला, आणि उठताना विचारलं, "वैशाखात कधी?"

संध्याकाळी बुधीबाय आली. मग रावजीकाकाचा भाऊ, मग शिडवा. कोणी चित्र बघायला आलो म्हणायचं, कोणी मीठ मागायला आलो म्हणायचं. प्रत्येकाने आपल्याला शोधलं, आपल्या हातात काय आहे ते बघितलं, थोडी कुरकुर केली आणि गेला. चरवीवाल्या घरची बाई आली ती बराच वेळ लांबूनच बघत होती. जाताना म्हणाली, "दूध एवढं निघत नाय आमच्याकडं. पण बघू." पाणवठ्याचं भांडण तिथेच मिटलं असं नाही. पण दूध आलं.

मी जन्मभर हिशेब लिहिलेत. असा हिशेब मला कधी जमला नाही, की ज्यात देणाऱ्याने स्वतः येऊन आपलं नाव शोधावं.

वैशाखात एकाच मांडवात दोन लग्नं लागली. सकाळी आईचं, मग लेकीचं. आईच्या लग्नाचा चौक काढायचा होता तो त्याच कुडावर, त्या मोकळ्या गेरूच्या चौकोनात. नवरीने स्वतःचा चौक काढायचा नसतो. पाड्यावरच्या सवासिनी बसल्या आणि काढला. त्यांच्यात बुधीबाय होती, आणि देवरामच्या पाड्यावरून आलेली त्याची बायको सुकरी. पालघाटचा एक खांदा वर गेला, चंद्र सूर्यापेक्षा मोठा झाला, एका कोपऱ्यात पीठ ओघळलं. हळद लावलेली काकी लांबून बघत होती. तिचे हात नुसते शिवशिवत होते, मांडीवर काडीशिवाय रेघा ओढत होती.

मृणालताई आल्या होत्या. लुगडं घेऊन. पंगतीत पळसाच्या पत्रावळीवर जेवल्या, मग पदर खोचून दुसऱ्या पंगतीला वाढायला लागल्या. कुडासमोर आल्या तेव्हा मी त्यांच्याकडे बघत होते. दालनाच्या पुस्तकात त्या चित्राचा पानभर फोटो होता, मध्ये मोकळा चौकोन, खाली दाढीवाल्यांचा लेख. आता मध्ये वाकड्या खांद्याची पालघाट बसली होती. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, हातात धरला, आणि परत पिशवीत ठेवला.

"बरं झालं विकलं नाही," त्या म्हणाल्या.

देवराम त्यांच्या शेजारीच उभा होता. "त्या लेखाचं काय करायचं आता?" त्याने मला विचारलं. मी म्हटलं, "तुझी महामार्गाची चित्रं आहेत ना, त्यांना लाव. तिथे बसतो तो."

आजीने गाणी म्हटली. दोन म्हणायची ठरली नव्हती, जेवढी असतात तेवढी सगळी म्हटली, घसा बसेपर्यंत. रावजीकाका नवरदेवाच्या कपड्यांत इतका घामाघूम झाला होता की त्याची नातवंडं होतील तेव्हा सांगायला त्याच्याकडे तेवढंच राहील असं मला वाटलं. ताडी झाली, तारपा झाला. काकड्या आपला बकरा कसा होता ते ज्याला त्याला विचारत फिरत होता.

लग्न लागलं आणि आजीने काकीच्या डोक्यावर हात ठेवला, तशी काकी उठली. कोणी थांबवेपर्यंत ती घरात गेली. आतली भिंत तिने आदल्या दिवशीच सारवून ठेवली होती, गेरू वाळला होता. वाडगा कोपऱ्यात झाकलेला. ती भिंतीसमोर बसली, काडीचं टोक दातांत चावलं आणि पिठात बुडवलं. बोटांना ओली हळद होती; पिठात तिचा थोडा पिवळा रंग उतरला आणि पहिली रेघ पांढरी न येता किंचित पिवळी आली. काडी टेकली तिथून उठली तिथपर्यंत, एका श्वासाची.

आजी दारातून म्हणाली, "हळद तरी वाळू दे गो. आत्ताशी तुझं लग्न लागलंय."

काकीने वळून बघितलं नाही.

"माझं झालं," ती म्हणाली. "पोरीचं खोळंबलंय."